कोरडी पाठ

चहाच्या सुट्टीतसुद्धा बन्सी हातमोजे काढत नसे. चितेगावच्या त्या कारखान्यात मोटारींचे सुटे भाग तयार होत. यंत्रावरून तेलाने माखून आलेला भाग धुलाईच्या हौदात बुडवायचा, ब्रशाने घासायचा, हवेच्या नळीने कोरडा करायचा आणि क्रेटमध्ये रचायचा, हे त्याच्या विभागाचे काम. भोंगा झाला की बाकीचे कामगार हातमोजे हौदाच्या काठावर टाकून, गमबूट वाजवीत चहाला जात. बन्सी मात्र कोपराच्या खालपर्यंत चढवलेले ते काळे रबरी हातमोजे तसेच ठेवी आणि कप दोन तळव्यांत धरून भिंतीकडे तोंड करून उभा राही.

"काय रं बन्सी, लगीन लागलंय का त्या हातमोज्यांसंगं?" शेजारच्या हौदावरचा बद्रीनाथ विचारी. तो पन्नाशीला आलेला आणि विभागात सर्वांत जुना. "आशाबाईच्या कानावर घालावं लागतंय."

"थंडी लई हाय, नाना."

"थंडी हातालाच वाजती व्हय तुझ्या?"

थंडी होतीच; पौष चालू होता. परंतु हातमोज्यांच्या आत जे होते ते थंडीने झालेले नव्हते. बोटांच्या बेचक्यांतली कातडी भाजल्यासारखी लाल झाली होती. पंज्यांच्या पाठीवर पाण्याचे बारीक फोड उठत आणि फुटत, त्यांतून लस वाहत राही. सांध्यांवरच्या भेगा मूठ वळताच रक्ताने भरत. हे हौदातल्या पाण्याचे काम, असा बन्सीने सुरुवातीलाच निष्कर्ष काढला होता, आणि म्हणून तो हातमोजे मनापासून जपून वापरू लागला होता. खाज वाढली तसा तो ते अधिक वेळ घालू लागला. लाज वाढली तेव्हा बसमध्येही घालून बसू लागला. पाळी संपल्यावर तेलाचा चिकटा जावा म्हणून सगळे कामगार थिनरने हात धूत. बन्सीही धुई. त्या वेळी त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी येई, पण तो तोंडातून शब्द काढत नसे.

शब्द काढणे त्याला परवडणारे नव्हते. बोरवाडीची त्याची तीन एकर मोसंबीची बाग दुष्काळाच्या साली उभ्या जागी वाळली होती. विहिरीच्या तळाशी ओल उरली नाही तेव्हा त्याने आपल्या हातांनी लावलेली झाडे आपल्याच हातांनी तोडली आणि ठेकेदाराकडे नाव लिहून तो धुलाईच्या हौदावर उभा राहिला. आता कंपनी त्या विभागातल्या चौघांना कायम करणार होती. त्याचे नाव यादीत होते, आणि यादीतल्या सर्वांची वैद्यकीय तपासणी पुढच्या शनिवारी ठरली होती.

घरी लपवणे शक्य नव्हते. बन्सी चमच्याने जेवू लागला. त्याची आई वच्छलाबाई दुधात भाकरी कुस्करून ताट त्याच्या पुढ्यात सारी आणि म्हणे, "तिसाव्या वर्षी बी मायच्या हातचा काला. बरं हाय बाबा." असे म्हणताना ती त्याच्या हातांकडे पाहत नसे. गावाने मात्र पाहिले होते. डेअरीवर दूध घालायला गेलेल्या आशाबाईला एका बाईने चारचौघांत विचारले, "म्हैस तूच पिळती ना गं? की हे पिळतेत?" आशाबाईने कॅन उचलून दुधासकट परत आणला. त्या दिवशी घरात कोणी चहा घेतला नाही.

त्याच आठवड्यात हात उघडे पडले. क्रेटच्या पत्र्याने हातमोजा फाटला, आत पाणी शिरले आणि बन्सीने तो झटक्यात ओढून काढला. समोर विभागाचे पर्यवेक्षक वैजनाथसाहेब उभे होते. त्यांनी हात पाहिले आणि क्षणभर चष्मा काढून पुन्हा लावला.

"कधीपासून आहे हे?"

"दिवाळीपासून, साहेब."

"आणि बोलला नाहीस? अरे, हे हातमोजे मी वर भांडून आणलेत. दसऱ्याच्या आधी तुम्ही उघड्या हातांनी धूत होता, तेव्हा तरी असं नव्हतं."

"साहेब, शनिवारी मेडिकल हाय. तेवढं निभवून न्या."

"मी निभवीन, पण तुझे हात निभवतील का?" वैजनाथसाहेब कठोर नव्हते, आणि म्हणूनच त्यांचे बोलणे बन्सीला अधिक लागले. "हौदातलं पाणी तुला बाधत असेल तर मी तुला तिथं कसा उभा करू? दुसरीकडे माझ्याकडे जागा नाही. हे नक्की कशाने होतंय ते लिहिलेला डॉक्टरचा कागद आण. पाण्याने नसेल तर तू राहशील, हा माझा शब्द. पाण्याने असेल तर मात्र घरी जावं लागेल. शनिवारच्या आत आण."

सोमवारी बन्सी आणि आशाबाई उस्मानपुऱ्यात डॉक्टर कालिंदीबाईंच्या दवाखान्यात गेली. दवाखान्यातून फोनवर सांगितल्याप्रमाणे बन्सीने हौदातले पाणी बाटलीत भरून आणले होते; शिवाय साबण आणि तो फाटका हातमोजाही पिशवीत होता. डॉक्टरीणबाईंनी त्याचा पंजा आपल्या हातात घेतला. तीन महिन्यांत घराबाहेरच्या कोणी तो हात धरला नव्हता. बन्सीने तो नकळत मागे ओढला.

"असू द्या. हे दुसऱ्याला लागणारं दुखणं नाही. मी धरलाय ना?"

"मग घरात पोरांना…?" आशाबाईने विचारले.

"जवळ घेऊ द्या. हातात हात देऊ द्या."

आशाबाईने पदर तोंडाला लावला. डॉक्टरीणबाई मात्र बन्सीची बाही वर सारून कोपराखाली पाहत राहिल्या. तिथे लाली एका रेषेत संपत होती. सुताने आखावी अशी सरळ रेषा.

"पाणी उडालं असतं तर डाग वेडेवाकडे पडले असते," त्या म्हणाल्या. "मला एक शंका आहे. पण शंकेचा कागद देता येत नाही."

त्यांनी बाटलीतले पाणी बाजूला ठेवले. ते तसेच लावले तर कोणाचीही कातडी भाजेल, त्यावरून काही कळायचे नाही, असे त्या म्हणाल्या. हातमोज्याचा मात्र नखाएवढा तुकडा त्यांनी कात्रीने कापला. मग बन्सीला पालथे झोपवून त्याच्या पाठीवर बारीक वाट्यांच्या ओळी चिकटपट्टीने बसवल्या. प्रत्येक वाटीत निराळ्या द्रव्याचा ठिपका होता आणि एकीत तो तुकडा. शेजारी शाईने आकडे लिहिले.

"आता नीट ऐका. परवा बुधवारी पट्ट्या काढीन. शुक्रवारी पुन्हा बघीन, मगच कागद मिळेल. तोवर पाठीला पाणी नको. घाम नको, ओझं नको, खाजवणं नको. पट्टी सुटली किंवा शाई धुतली गेली तर सगळं पहिल्यापासून, आणि तेही पंधरा दिवसांनी."

"पंधरा दिवस नायत आमच्याजवळ," आशाबाई म्हणाली. "कोरडी ठेवते मी पाठ. तुम्ही निर्धास्त ऱ्हा."

मंगळवारी पहाटे पुंजाराम गेला.

पुंजाराम, घरात सगळ्यांचा आबा, हा बन्सीचा थोरला चुलता. त्याला मूलबाळ नव्हते. त्याच्या मागे अग्नी बन्सीच देणार, ही गोष्ट गावात कोणी ठरवलेली नव्हती, इतकी ती ठरलेली होती. अग्नी देणाऱ्याने आधी डोक्यावरून अंघोळ करायची, ओल्या कपड्यांनी तिरडीपुढे चालायचे, मग पाण्याचे मडके खांद्यावर घेऊन सरणाला तीन फेरे घालायचे. मडक्याला दगडाने भोक पाडत जायचे, आणि त्यातले पाणी पाठीवरून गळत राहायचे. परतल्यावर पुन्हा अंघोळ. त्यात असे काहीच नव्हते की जे पाठ कोरडी ठेवून करता येईल.

भावकीत आता कडूबा वडीलधारा होता. पुंजारामचा तो धाकटा भाऊ. ओसरीत माणसे जमली तेव्हा त्यानेच बन्सीपुढे पाण्याची बादली ठेवली.

"चल, उरक. ऊन वर यायलंय."

बन्सी उभाच राहिला. "काका, माझ्या पाठीला पाणी लावायचं नाय."

"काय?"

त्याने सदरा वर केला. पांढऱ्या पट्ट्यांनी आणि निळ्या आकड्यांनी भरलेली ती पाठ पाहून बसलेली माणसे उठून उभी राहिली. कोणीतरी म्हणाले, "आरं, ह्याच्यावर तर जनगणनेवानी नंबर टाकलेत." दुसरा म्हणाला, "हाताचं पाठीवर गेलं बघा."

"पाठीवर गेलं नाय. ती तपासणी हाय," आशाबाई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली.

"तपासणी उद्या बी व्हती, परवा बी व्हती," कडूबा म्हणाला. "चुलता एकदाच जातोय. काढून टाक ते."

"काढलं तर कागद मिळत नाय. कागद नाय तर शनिवारपून काम नाय, काका."

"म्हंजी चाकरीसाठी तू आबाला कोरड्या अंगानं आग लावणार? रीत काही हाय का नाय?"

कडूबाचे म्हणणे खोटे नव्हते, हेच बन्सीला अवघड जात होते. याच चुलत्याच्या खांद्यावर बसून त्याने पैठणची जत्रा पाहिली होती. त्याने आईकडे पाहिले. वच्छलाबाईने मान खाली घातली. ती या घरची धाकटी सून. थोरल्या दिरासमोर ती उभ्या जन्मात बोलली नव्हती, आणि आज तर तो दीर आत कायमचा निजला होता. बन्सीने हळूच सदऱ्याची गुंडी सोडली. आशाबाईने पुढे येऊन ती पुन्हा लावली.

"लाव की, लाव," कडूबा ओरडला. "बायकोनं गुंडी लावली, आता आमी कोण बोलणार?"

"गलका कशाचा चाललाय, भावजी?"

आवाज आतून आला. पुंजारामच्या उशाशी बसलेली त्याची बायको सारजाबाई उठून दारापर्यंत आली होती. पहाटेपासून ती रडली नव्हती आणि बोललीही नव्हती. वाट करून दिली तशी ती बन्सीच्या मागे गेली आणि त्याने पुन्हा वर केलेल्या सदऱ्याखालची पाठ तिने बराच वेळ पाहिली.

"कुठवर ठेवायचं म्हणतेत हे?"

"शुक्करवारपस्तोर, मोठीमाय," बन्सी म्हणाला. "पण तू म्हणली तर…"

"मी काय म्हणू? अंघोळ घालायची ती ह्यांना घातली. मेलेल्या माणसासाठी जित्याची भाकर पाण्यात सोडायची व्हय?" ती कडूबाकडे वळली. "भावजी, मडकं तुमी धरा. आग बन्सी दील. त्यो हातपाय धुईल, डोकं वाकून भिजवील. पाठ कोरडीच ऱ्हाईल."

"वैनी, मडकं एकानं धरायचं आन् आग दुसऱ्यानं द्यायची, असं कुठं असतंय व्हय?"

"आता असतंय," सारजाबाई म्हणाली. "सुतक माझ्या घरचं हाय. बाट लागली तर मला लागंल."

कडूबाने बादली उचलली आणि स्वतःच्या डोक्यावर ओतून घेतली.

गोठ्याच्या दगडावर बन्सी गुडघे टेकून पुढे वाकला. आशाबाईने त्याच्या कमरेपासून मानेपर्यंत घोंगडी गुंडाळली आणि तांब्यातांब्याने डोक्यावर पाणी घातले. ओघळ मानेकडे वळला की ती तो तळहाताने अडवी. एवढ्या काळजीने तिने म्हशीच्या नव्या पारडालाही कधी पुसले नसेल. स्मशानात कडूबाने मडके घेतले, तीन फेरे घातले आणि दर फेऱ्याला पाणी त्याच्या वयस्कर पाठीवरून गळत गेले. बन्सीने अग्नी दिला. सरण पेटले तेव्हा तो ज्वाळांकडे तोंड करून उभा राहिला. पाठीकडून पौषाचा वारा येत होता. घाम येऊ नये म्हणून तो हळूहळू एकेक पाऊल मागे सरकत गेला. आपण चुलत्यापासून दूर जात आहोत हे लक्षात आल्यावर तो थांबला आणि रडला. रडण्याने पाठीला काही होत नव्हते.

बुधवारी तो उस्मानपुऱ्याला निघाला तेव्हा अग्नी देणाऱ्याने दहा दिवस शीव ओलांडू नये, असे म्हणून कडूबाने पुन्हा रीत काढली. पण या खेपेस तो बसथांब्यापर्यंत सोबत चालत येऊन म्हणाला. डॉक्टरीणबाईंनी पट्ट्या काढल्या, शाई गडद केली, आणि तोंडाने काहीच सांगितले नाही. गुरुवारी अस्थी सावडल्या. बन्सीने पुन्हा हातपाय धुतले. पाठीवर आता दोन ठिकाणी अशी खाज सुटली होती की तो गोठ्याच्या खांबाजवळून जाताना डोळे दुसरीकडे फिरवी. आशाबाई त्याच्या मागेमागे असे. "खांबाला टेकू नका," ती म्हणे. "खांब पळून चालला न्हाई. शुक्करवारी सांच्याला काय घासायचं ते घासा."

शुक्रवारी डॉक्टरीणबाईंनी बोटाने ठिपके तपासले. सगळी पाठ स्वच्छ होती. दोनच जागा लाल होऊन वर आल्या होत्या. आशाबाई पुढे वाकली.

"पाणी व्हय, मॅडम?"

"पाणी नव्हे. ही एक जागा रबरात घालतात त्या द्रव्यांची. रबर मजबूत व्हावं म्हणून ती घालतात. आणि ही दुसरी, तुमच्याच हातमोज्याच्या तुकड्याची. तुम्हाला हातमोजेच बाधतायत."

बन्सी उठून बसला. तीन महिने ज्यांच्यात त्याने हात लपवले, ज्यांनी हात वाचतील म्हणून ते चहाच्या वेळी आणि बसमध्येही काढले नाहीत, तेच.

"म्हंजी जितकं जपलं तितकं…"

"तितकं वाढलं. त्यावर थिनर. थिनर कातडीतला सगळा तेलकटपणा ओढून घेतं, मग आत काहीही शिरतं. आता रबर बंद. प्लास्टिकचे, पीव्हीसीचे हातमोजे घ्या, आत सुती घाला. ओले झाले की बदला. थिनरला हात लावायचा नाही. साधा साबण, आणि हात कोरडे करून व्हॅसलीन. हे मलम पंधरा दिवस. भेगा भरेपर्यंत हौदाऐवजी कोरडं काम द्या, असं मी लिहिते आहे."

"आन् त्याच्याम्होरं हौदावर उभं ऱ्हाता येतंय?" आशाबाईने विचारले.

"येईल. तेही लिहिते."

त्या लिहीत असताना आशाबाई लेखणीकडे पाहत होती. कागद हाती आला तेव्हा तिने तो बन्सीला दिला नाही. घडी करून स्वतःच्या पोलक्यात ठेवला.

संध्याकाळी बन्सी सारजाबाईसमोर बसला. तिने बोटाने खूण केली. त्याने पाठ फिरवली आणि आशाबाईने त्या दोन जागा दाखवल्या. सारजाबाईने चिमणीच्या उजेडात डोळे बारीक करून पाहिले.

"एवढुशाच?"

"एवढुशाच, आत्याबाई."

"पाणी न्हाई ना निघालं?"

"न्हाई."

"मग जा, घाल त्याला पाणी," ती म्हणाली आणि मंगळवारपासून पहिल्यांदा ती मोठ्याने रडली.

शनिवारी कंपनीच्या डॉक्टरांनी कागद वाचला, हात उलटेसुलटे पाहिले आणि फॉर्मवर सही केली. वैजनाथसाहेबांनी मात्र तो कागद दोनदा वाचला आणि भेगा भरेपर्यंत बन्सीला क्रेट रचायच्या कामावर लावले. मग त्यांनी हौदाच्या काठावरचा एक हातमोजा उचलून नाकाशी नेला.

"भांडून आणले होते मी हे," ते म्हणाले. "आता पुन्हा भांडावं लागणार." त्यांनी धुलाईच्या पाळीला जवळ बोलावले आणि कागदातला मजकूर मोठ्याने सांगितला. "थिनरचा डबा आजपासून माझ्या कपाटात. आणि आणखी कोणाला असं काही असेल तर आताच सांगा. कोणालाही काढणार नाही."

पंप चालू होता, आणि पाण्यावर तेलाचा तवंग हलत होता. सगळे एकमेकांचे हात पाहत होते, आणि हात बऱ्यापैकी होते.

मग बद्रीनाथ ओल्या फरशीवरच खाली बसला. "हाताला नाय, साहेब," तो पुटपुटला आणि त्याने उजवा गमबूट ओढला. पाऊल घोट्याच्याही वरपर्यंत लालभडक होते, फुटलेले, चिघळलेले. आणि पोटरीवर, गमबुटाचा काठ येतो तिथे, सुताने आखल्यासारखी सरळ रेषा होती.

बन्सी त्याच्याजवळ उकिडवा बसला. "नाना! कधीपून?"

"दोन वरीस झाली आसतील. म्हटलं, चिखल्या हायत." बद्रीनाथ वर पाहीना. "तुला चिडवीत व्हतो तवा ह्योच आत वळवळायचा."

"रबरच हाय ते. मी घेऊन जातो तुमाला मॅडमकडं. सोमवारी जाऊ."

"पाठीवर वाट्या लावतेत म्हणं?"

"व्हय."

"आन् पाच दिस अंघोळ नाय?"

"नाय."

बद्रीनाथने गमबूट हातात घेऊन विचार केला. "बरं," तो म्हणाला. "तेवढ्यात आमच्या भावकीत कुणी मरू नये म्हंजी झालं."

आधी वैजनाथसाहेब हसले, मग सारी पाळी. बन्सीही हसला, खळखळून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. आणि सुतकात हसू नये, हे त्याला हसून झाल्यावर आठवले.